मारबत गच्चीवर कशी आली: फोटोंना आपोआप ठिकाण जोडण्याबद्दल

प्रश्न एका शिक्षिका ताईंचा आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. दर रविवारी त्या निकॉनचा जुना डी ३२०० गळ्यात अडकवून नागपूर आणि आसपासच्या बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी), जुन्या विहिरी, शिळावर्तुळं (प्राचीन दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं) यांचे फोटो काढतात. जवळजवळ सहा हजार फोटो जमलेत, आणि कुठला फोटो कुठल्या विहिरीचा हे आता त्यांनाच आठवेनासं झालंय. कॅमेऱ्यात जीपीएस नाही. फोटोंवर ठिकाण आपोआप लागावं आणि सगळे नेटवर नकाशासकट सर्वांना दिसावेत अशी त्यांची इच्छा आहे. त्यांचा भाऊ मात्र म्हणतो, ‘ताई, काय करून राहिली हे? घरचा पत्ता जगाला देशील.’ मधूनमधून त्या पेंचच्या व्याघ्रप्रकल्पातही जातात, तिथल्या फोटोंचं काय करायचं हा शेवटचा प्रश्न.

मी गेली सतरा-अठरा वर्षं जुन्या वास्तूंचं छायाचित्र-दस्तऐवजीकरण करतो. या कामात करता येण्यासारखी प्रत्येक चूक माझी करून झालेली आहे. त्यातली सर्वांत मोठी आधी सांगतो, कारण ताईंच्या आणि भावाच्या, दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

काही वर्षांपूर्वी मी मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठमोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक टिपायला नागपूरच्या इतवारीत गेलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी ही मिरवणूक नागपूरकराला सांगायला नको. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. दोघी नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात तेव्हा त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. खिशातल्या फोनवर माझी वाट नोंदवणारं ॲप चालू होतं. साडेनऊपासून साडेबारापर्यंत फोटो काढले, दोनच्या आत घरी आलो, जेवलो आणि आडवा झालो. ॲप बंद करायचं राहूनच गेलं. रात्री नव्याने तयार केलेल्या लॅपटॉपवर फोटो आणि फोनमधली वाट जुळवली आणि दीडेकशे फोटो न बघता नेटवर चढवून झोपलो. सकाळी एका मित्राचा फोन आला, ‘भाऊ, मारबत तुझ्या घरी आली होती का?’

नकाशावर काळी मारबत, पिवळी मारबत, सगळे बडगे (सोबतचे पुरुषी पुतळे), सगळी गर्दी माझ्या गच्चीवर उभी होती. झालं होतं ते असं. त्या लॅपटॉपवर भारतीय वेळ लावायची राहिली होती, त्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. फोनमधली वाटही ग्रीनिचच्याच वेळेत नोंदलेली असते, आणि ते बरोबरच आहे. पण लॅपटॉपने कॅमेऱ्यातले ‘सकाळचे साडेदहा’ हेही ग्रीनिचचे साडेदहा धरले. ग्रीनिचचे साडेदहा म्हणजे आपले दुपारचे चार. चार वाजता मी घरी घोरत होतो. इडापिडा गावाबाहेर घेऊन जाणारी मारबत साडेपाच तासांच्या फरकाने माझ्याच घरी येऊन बसली, आणि येताना माझ्या घराचे अक्षांश-रेखांश सगळ्या जगाला वाटून आली.

कॅमेऱ्याला ठिकाण कळत नाही, फक्त वेळ कळते. फोनला ठिकाण आणि वेळ दोन्ही कळतात. म्हणून वेळ हा दोघांमधला एकच दुवा आहे. तो हलला की फोटो दुसऱ्याच जागी जाऊन बसतो, आणि ती जागा कुठली हे बघितल्याशिवाय पुढे पाठवला की भाऊ म्हणतो ते खरं होतं. बाकी सगळं कुठलं बटण दाबायचं एवढ्यापुरतं आहे.

फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक छोटी नोंदवही असते, तिला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या उद्योगसंघटनेने नव्वदच्या दशकात ठरवलेला हा नमुना आज प्रत्येक कॅमेरा आणि फोन वापरतो. शटरचा वेग, लेन्स, तारीख आणि वेळ त्यात लिहिली जाते. ठिकाणासाठी वेगळे रकाने असतात: अक्षांश, रेखांश, उंची, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ती दिशा. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्यात हे रकाने कोरे राहतात. आपल्याला ते नंतर भरायचे आहेत, एवढंच काम. नागपूर शहरासाठी नकाशे साधारण २१.१४५८ उत्तर, ७९.०८८२ पूर्व हा आकडा देतात. एक्झिफमध्ये हाच अक्षांश अंश-कला-विकलांत २१ अंश ८ कला ४४.९ विकला असा बसतो. दोन्ही एकच आहेत, गोंधळू नका.

दशांशचिन्हानंतरचे आकडे मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दिला तर सुमारे एक किलोमीटरचा अंदाज मिळतो, तीनपर्यंत शंभरेक मीटरचा, चारपर्यंत अकरा मीटरचा आणि पाचपर्यंत मीटरभराचा. फोन आठ-आठ स्थळं लिहून मोकळा होतो, पण त्याला तेवढं खरंच कळतं असं समजू नका. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक पाचेक मीटरची असते. महाल-इतवारीच्या बोळांत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो, तिथे ती सहज तीस-चाळीस मीटरवर जाते. फोटो समोरच्या गल्लीत पडला तर यंत्राला शिव्या देऊ नका.

आता तुमच्या कामाकडे येतो. खरं सांगायचं तर तुम्हाला वाट नोंदवण्याच्या भानगडीत पडायची गरज नसावी. मारबतीत मी सतत चालत होतो. तुम्ही एका बावडीवर अर्धा तास थांबता, तीस फोटो काढता आणि मग पुढच्या बावडीला जाता. अशा कामाला सोपी युक्ती पुरते: प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर पहिला फोटो फोनने काढा. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असलं की त्या फोटोत ठिकाण आपोआप लिहिलं जातं. घरी आल्यावर डिजीकॅमसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये त्या फोनच्या फोटोवरून ठिकाण कॉपी करायचं, कॅमेऱ्याचे तीस फोटो एकत्र निवडायचे आणि पेस्ट करायचं. झालं. घड्याळांची भांडणं नाहीत, बॅटरीची चिंता नाही. मला स्वतःला हे सुचायला दहा वर्षं लागली, कारण मला यंत्रं आवडतात.

फोनचा तो फोटो मात्र बावडीच्या काठावर उभं राहून काढा, आत उतरून नाही. चाळीस पायऱ्या खाली गेल्यावर आकाशाचा रुमालाएवढा तुकडा दिसतो आणि तेवढ्यात उपग्रह मोजकेच सापडतात. ॲप उघडल्याबरोबर क्लिकही करू नका. खिशातून काढलेल्या फोनला आधीचीच जागा आठवत असते. नकाशाचं ॲप उघडून निळा ठिपका स्थिर होऊ द्या, अर्धं मिनिट, मग फोटो.

ज्यांना चालता चालता सतत फोटो काढायचे आहेत, मिरवणूक, जंगलातली वाट, जुन्या शहरातली पायी भटकंती, त्यांनी वाट नोंदवावीच. अँड्रॉइडवर जीपीएसलॉगर किंवा ऑसमॅण्ड घ्या, दर पाच-दहा सेकंदाला नोंद लावा, शेवटी जीपीएक्स नावाची फाइल काढून घ्या. ती साधी मजकुराची फाइल असते: अक्षांश, रेखांश, वेळ, पुन्हा अक्षांश, रेखांश, वेळ. आपल्याकडे मिळणारे बरेचसे अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायच्या नादात पडद्यामागे चालणाऱ्या ॲपचा गळा दाबतात. म्हणून त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, नाहीतर सकाळी नऊची एक नोंद आणि संध्याकाळी पाचची दुसरी, मधे सगळा सन्नाटा. पोळा-मारबत ऐन पावसात येतात, तेव्हा फोन प्लास्टिकच्या पिशवीत. प्लास्टिकमधून जीपीएसला काही होत नाही.

आणि मग घड्याळ. निघताना फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा आणि कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढा. घरी आल्यावर तो फोटो बघा. समजा चित्रातल्या घड्याळात ९ वाजून १४ मिनिटं ३२ सेकंद दिसतात आणि त्याच फोटोच्या एक्झिफमध्ये ९:११:०५ लिहिलंय. म्हणजे कॅमेरा ३ मिनिटं २७ सेकंद मागे आहे. हा आकडा प्रोग्रॅमला सांगितला की दिवसभराचे सगळे फोटो तेवढे पुढे सरकवून जुळतात. तीन मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर हिशेब करा. पायी चालताना तीन मिनिटांत माणूस दोन-अडीचशे मीटर जातो. जबलपूर रोडवर ताशी साठच्या वेगाने गाडीत असाल तर तीन किलोमीटर.

जुळवणी करायला माझा भरवसा एक्झिफटूलवर आहे. फिल हार्वे या गृहस्थांनी २००३ पासून सांभाळलेला, पूर्ण फुकट प्रोग्रॅम. त्याला बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात, म्हणून लोक घाबरतात. त्यातला ‘जिओटॅग’ हा पर्याय वाटेची फाइल घेतो, ‘जिओसिंक’ हा घड्याळातला फरक घेतो, पुढे फोल्डरचं नाव द्यायचं, बास. फाइल बदलण्याआधी तो मूळ प्रत बाजूला ठेवतो, हा त्याचा सर्वांत चांगला गुण. टायपिंग नको असेल तर डिजीकॅम किंवा लाइटरूमच्या नकाशात हेच माउसने होतं. काहीही वापरा, त्याआधी संगणकाचा टाइमझोन तपासा. साडेपाच तासांचा हा फरक आपल्याकडे खास लक्षात ठेवायचा. बरेच देश पूर्ण तासांवर बसलेले, आपण अर्ध्यावर. काही जुने प्रोग्रॅम पूर्ण तासच विचारतात, तिथे उरलेली तीस मिनिटं घड्याळाच्या फरकात घालावी लागतात.

नव्या कॅमेऱ्यांत हे सगळं ब्लूटूथवर होतं. फोन कॅमेऱ्याला ठिकाण कळवत राहतो, कॅमेरा ते लगेच फोटोत लिहितो. निकॉनचं ॲप स्नॅपब्रिज, कॅननचं कॅमेरा कनेक्ट. तुमच्या डी ३२०० वर स्नॅपब्रिज चालत नाही. त्याला जीपी-१ नावाचं छोटं जीपीएस यंत्र फ्लॅशच्या खाचेत बसवता येतं, पण आता त्यासाठी पैसे घालू नका. ज्यांच्याकडे नवा कॅमेरा आहे त्यांनीही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ब्लूटूथ मधेच तुटतं आणि काही वेळा कॅमेरा शेवटचं माहीत असलेलं ठिकाण लिहीत राहतो. रामटेकच्या गडावर काढलेले फोटो मनसरच्या ढाब्यावर पडलेले मी पाहिलेत. चहा तिथे झाला होता.

तुमचे आधीचे सहा हजार फोटो हा वेगळा डोंगर. त्या काळात फोनवर गूगलची टाइमलाइन चालू होती का बघा. असेल तर ती नोंद फोनमधून काढून घेता येते आणि एक्झिफटूल ती वाचू शकतो, पण तिच्यातल्या नोंदी विरळ असतात. नसेल तर सरळ नकाशा उघडा आणि एकेका विहिरीचे फोटो उचलून नकाशावर टाका. उपग्रहचित्रात मोठी बावडी स्पष्ट दिसते, चौकोनी, काळी, एका बाजूला पायऱ्यांची शेपटी. फोनवर त्या दिवशी घरच्यांना पाठवायला काढलेला एखादा फोटो असेल तर तोही कामाला येतो. एका बैठकीत सगळं करायला जाऊ नका. मी दिवसाला दोन विहिरी असं ठरवून केलं होतं.

एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. फोटोत लिहिलं जातं ते तुम्ही उभे होता ते ठिकाण, समोर दिसणाऱ्या वस्तूचं नव्हे. रामटेकच्या अंबाळा तलावाच्या काठावरून गडमंदिराचा फोटो काढला तर नकाशावर तो तलावापाशी पडेल, गडावर नाही. बावडीच्या बाबतीत फरक दहा-वीस मीटरचा, सोडून द्या. पण दीक्षाभूमीचा घुमट, सीताबर्डीचा किल्ला यांचे लांबून काढलेले फोटो टाकताना वर्णनात तसं लिहा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहावर, कॅमेऱ्याचं ठिकाण आणि वस्तूचं ठिकाण असे दोन वेगळे साचेच आहेत.

उलटा प्रकार जुनापाणीला होतो. काटोल रोडवरच्या त्या माळावर तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत, आकाश मोकळं, उपग्रह भरपूर. पण वर्तुळं एकमेकांच्या इतकी जवळ की पाच मीटरच्या चुकीत एकाचं ठिकाण शेजारच्यावर सहज जाऊन बसतं. तिथे जीपीएसच्या भरवशावर राहू नका. शाळेतली पाटी घ्या, खडूने क्रमांक लिहा आणि प्रत्येक वर्तुळाच्या पहिल्या फोटोत ती ठेवा. तुमच्याकडे पाट्यांची कमी नसावी.

उंचीचा रकाना मी गंभीरपणे घेत नाही. नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडाच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटरला किंचित कमी, अशी नोंदलेली आहे. वाट नोंदवणारी दोन-तीन ॲप घेऊन तिथे उभे राहून बघा. उपग्रह समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत, पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजतात, आणि भारतात तो आकार समुद्रसपाटीच्या वर येतो. त्यामुळे जी ॲप हा फरक दुरुस्त करत नाहीत ती उंची बरीच कमी दाखवतात. परत येताना कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाल्ले की ही फेरी वाया गेली असं वाटत नाही.

आता नेटवर टाकायचं. इथे पहिली समजूत मोडायची ती अशी की ठिकाण ‘नेटवर’ असतं. ते फाइलमध्ये असतं, आणि फाइल जिथे जाईल तिथे तेही जातं, वाटेत कोणी पुसलं नाही तर. कोण पुसतं आणि कोण नाही हे माहीत असलं की अर्धी भीती जाते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आकसतो आणि ठिकाण गळून पडतं. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, ठिकाणासकट. शाळेच्या ग्रुपवर ‘क्वालिटी चांगली राहते’ म्हणून डॉक्युमेंट पाठवायची सवय असेल तर हे ध्यानात ठेवा. ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवलेला मूळ फोटोही सगळं घेऊन जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम दुसऱ्यांना दिसणाऱ्या प्रतीतून ठिकाण काढून टाकतात, पण चढवताना त्यांना ते मिळालेलं असतं.

पुसायचं कसं? विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तळाशी माहिती काढून टाकण्याचा दुवा असतो. आयफोनवर शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं. बऱ्याच अँड्रॉइड गॅलरींतही शेअरच्या वेळी ठिकाण वगळायची सोय आहे. मी मात्र दोन फोल्डर ठेवतो. ‘मूळ’ फोल्डरमध्ये ठिकाण पूर्ण, कधीही पुसत नाही. ‘बाहेर’ फोल्डरमध्ये जगाला द्यायच्या प्रती. एका फोल्डरमधून दुसऱ्यात प्रत जाताना एकदा नकाशावर नजर टाकायची. मारबतीच्या दिवसानंतर ही सवय लागली.

आता घराबद्दल. भाऊ बरोबर आहे, पण अर्धाच. बावडीचं ठिकाण उघड झाल्याने तुमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या फोटोंनी: निघताना दारात लेन्स तपासायला काढलेला फोटो, परत आल्यावर गच्चीवरून टिपलेला सूर्यास्त. वाटेची नोंद घरातून सुरू करू नका, चौकात जाऊन करा आणि चौकातच बंद करा. फ्लिकर या फोटोंच्या साइटवर घर, शाळा अशा जागांभोवती कुंपण आखता येतं. त्या कुंपणातल्या फोटोंचं ठिकाण फक्त तुम्ही निवडाल त्यांनाच दिसतं. शाळेतल्या मुलांचे फोटो तर ठिकाणासकट कुठेही टाकू नका, त्यावर चर्चा नको. मुलं रोज त्याच वेळी त्याच फाटकातून बाहेर पडतात.

मध्येच एक खुलासा, कारण ताईंच्या प्रश्नात हा घोळ दिसला. फोटोच्या खालच्या पट्टीत नकाशा, पत्ता, अक्षांश-रेखांश छापणारी ॲप ग्रामपंचायतीपासून ठेकेदारापर्यंत सगळे वापरतात. तो शिक्का चित्रातच रंगवलेला असतो. म्हणून व्हॉट्सॲपने जाऊनही तो टिकतो, आणि साहेबांना तेच हवं असतं. पण नकाशावर फोटो आपोआप बसवायला त्याचा उपयोग नाही, प्रोग्रॅम एक्झिफ वाचतो, शिक्का नाही. शिवाय बावडीच्या पायरीवर कायमची पट्टी चिकटते ती वेगळीच. आणि तो पुरावा आहे असंही मानू नका. फोनला खोटं ठिकाण सांगणारी ॲप फुकट मिळतात.

तुमच्या विहिरींसाठी माझं मत विकिमीडिया कॉमन्स. फोटो चढवताना एक्झिफमधलं ठिकाण ते आपोआप वाचतं, मराठीत वर्णन लिहिता येतं, आणि कोणीही विद्यार्थी, अभ्यासक, गावकरी तुमच्या नावाचा उल्लेख करून तो वापरू शकतो. तिथे टाकलेला फोटो खुल्या परवान्यात जातो आणि तो परवाना मागे घेता येत नाही, ते मान्य असेल तरच. फ्लिकर दिसायला सुंदर आहे, पण फुकट खात्यात हजारच फोटो मावतात. तुमचे सहा हजार. कुठल्याही एका जागेवर सगळं सोपवू नका. नकाशावर फोटो टाकायची पॅनोरामिओ नावाची साइट होती, गूगलने २००७ मध्ये घेतली आणि २०१६ मध्ये बंद केली. माझे तिथले शे-दोनशे फोटो गेले. फाइली माझ्याकडे होत्या, पण लोकांनी खाली लिहिलेल्या ओळी गेल्या, ‘ही आमच्या आजोबांची विहीर’ अशा.

सगळ्याच जुन्या जागा मात्र उघड करण्यासारख्या नसतात. बावडीतून कोणी काही उचलून नेत नाही. शिळावर्तुळाखाली पुरलेलं असतं, आणि विदर्भात गुप्तधनाच्या नादाने खोदणारे आहेत. जुनापाणी संरक्षित आहे, सगळ्यांना माहीत आहे, तिथलं ठिकाण खुशाल पूर्ण द्या. पण एखाद्या शेताच्या बांधावर कोणाच्याही यादीत नसलेलं वर्तुळ सापडलं तर नेटवरच्या प्रतीत दोनच दशांश स्थळं ठेवा. किलोमीटरभराचा अंदाज अभ्यासकाला पुरतो, फावडेवाल्याला नाही. पूर्ण आकडा पुरातत्त्व खात्याला आणि अभ्यासकाला द्या.

पेंचचं उत्तरही याच वाटेवरचं. वाघाचा फोटो ठिकाणासकट कधीही टाकू नका. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदणीच्या साइटवर संकटग्रस्त प्रजातीचं ठिकाण आपोआप धूसर होतं. खरा बिंदू लपवून ०.२ अंशाच्या चौकटीत, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २२ गुणिले २१ किलोमीटरच्या चौकटीत, कुठेतरी दाखवला जातो. पण तुम्ही वर्णनात ‘सकाळी साडेसात, अमुक गेट, अमुक नाल्याजवळ पिल्लांसह’ लिहिलं तर चौकट कशाला आहे? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पिल्लांसह निघालेल्या वाघिणीला पर्यटकांच्या गाड्यांनी घेरलं होतं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गर्दी जमायला ठिकाणाची बातमी पसरावी लागते. तारीख महिन्यापुरती लिहा, जंगलाचं नाव लिहा, बस. सफारीत फोन नेऊ देत नसतील तर वाट नोंदवता येणार नाही म्हणून हळहळू नका. पेंचचं रात्रीचं आकाश मात्र जरूर टाका. महाराष्ट्रातलं पेंच २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं उद्यान) ठरलं, आणि ताऱ्यांच्या मागावर अजून तरी कोणी गाड्या घालत नाही.

आता या रविवारी काय करायचं ते सांगतो. एकच बावडी निवडा. काठावर उभं राहून फोनने एक फोटो, मग तुमचा डी ३२०० काढा. वाट नोंदवायची हौस असेलच तर घड्याळाचा फोटो निघताना. विसरलात तर परत आल्यावर काढा, तोही तितकाच चालतो. मधे कुठे कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं दिसलं तर मात्र त्या दिवशी त्याला हात लावू नका. चुकलेलं घड्याळ दिवसभर एकसारखं चुकलेलं असलं की दुरुस्त करता येतं, दुपारी बारा वाजता सुधारलेलं नाही.